बादलीभर पाण्याचा हिशेब

पंचवटीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वस्तू बदलून घेणाऱ्यांची रांग होती. संथ फिरणारा मिक्सर पिशवीत घालून आलेल्या मालनबाईंचे कान पुढच्या सासरे-सुनेकडे लागले होते.

"इथं पाण्यात लावून दाखवतात तेव्हा दहा मिनिटांत वाफा निघतात, तृप्ती. घरी नेला की हीटर झोपतो. ह्यांचाच काहीतरी डाव हाय."

"नाना, हीटर चांगला आहे."

"खोक्यावर दोन हजार वॉट लिवलंय."

"ते दोनशे तीस व्होल्टला. काल मी मीटर लावला, आपल्या घरात एकशे छप्पन्नच होते. करंट सहा अँपिअर."

"मग?"

"एकशे छप्पन्नला सहाने भागा. सव्वीस ओहम, हा त्याचा रेझिस्टन्स. आता दोनशे तीसला सव्वीसने भागा, नऊएक अँपिअर येतात. दोनशे तीस गुणिले नऊ, दोन हजारांच्या वरच."

"आन् आपल्याकडं?"

"एकशे छप्पन्न गुणिले सहा. नऊशे छत्तीस."

"निम्मे पण नाय."

"आपल्या डीपीवर, त्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड जास्त झालाय, म्हणून व्होल्टेज पडतं. अर्ज लिहून आणलाय मी, इथून वीज ऑफिसात जाऊ."

"म्हंजे मागं बदलला तो हीटर पण..."

"तोही चांगलाच होता, नाना."

त्यांचा नंबर आला. दुकानदाराने हीटर घ्यायला हात पुढे केला.

"हीटर राहू द्या, शेठ. मागच्या खेपेला तुम्हाला लय बोललो, तेवढं परत घ्यायला आलोय."

मग मालनबाईंचा नंबर आला. त्यांनी मिक्सरची पिशवी पायाशी ठेवली.

"मला तो व्होल्ट मोजायचा मीटर दाखवा."