फाटकावर कोण भुंकेल

ऑस्ट्रेलियातल्या गेराल्डटनच्या जनावरांच्या दवाखान्यात ग्लेनिस मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक तरुण जोडपं पिल्लं विकणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलत होतं.

"काका, मी सुट्टीवर आलो की आम्ही समुद्रावर नाहीतर डोंगरात. आमच्याबरोबर पळणारं कुत्रं हवं, पण घरही राखलं पाहिजे."

"मग मेंढ्या हाकणारी केल्पीच घ्या. खायला कोण घालणार?"

"ही घालेल. मी खाणीवर असतो. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी."

"आणि हिच्या जिवाला घोर!"

"म्हणून तर विचारतोय. चोर आला तर?"

"चोराचं राहू दे, बाबा. आधी ती तुझ्यावरच भुंकेल."

"माझ्यावर? घरच्या माणसावर?"

"भुंकू दे रे," बायको म्हणाली. "तू आलास की आपली धाकटीसुद्धा पहिला दिवस माझ्यामागेच लपते."