कोरडी विहीर

हसू नका, पण हे आठवलं की अजून मान खाली जाते. नव्वदीच्या दशकात सुरतेला, पांडेसऱ्यातल्या मराठी शाळेत मी अकरावीला कादंबरी शिकवत होतो. ऐटीत म्हणालो, "यातली कोरडी विहीर म्हणजे नायिकेचं आटलेलं मन."

धुळ्याकडची सुनंदा उठली. "पण सर, शेवटी विहिरीला पाणी लागतं ना?"

"न वाचता बोलू नकोस!" म्हणत तिला तासभर उभं केलं. खरं तर मीच गाईडवर भागवलं होतं. घरी जाऊन शेवटचं प्रकरण उघडलं, तर पाणी लागलेलं!

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर म्हणालो, "सुनंदा, चुकलो. पुस्तक मीच पूर्ण वाचलं नव्हतं."

ती गोरीमोरी झाली. "सर, मला वाटलं, माझ्याच पुस्तकात चुकीचं छापलंय. मी ती ओळ पेनाने खोडून टाकली."