तीन वाजताचे थेंब

जबाब देणारी: औषध प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, स्त्री, वय ४१ वर्षे, राहणार प्रयोगशाळेमागची गल्ली, दुसरा मजला.

मी आज शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता ठाण्यात आपणहून हजर राहून सांगते की, माझे काम दुहेरी थेंब बनवण्याचे आहे. आत औषधाचे पाणी, त्याभोवती तेलाचा थर, आणि असा थेंब पुन्हा पाण्यात तरंगता. बोटभर सिलिकॉनच्या चिपमधल्या केसाएवढ्या नळ्यांतून तो तयार होतो.

थेंब लहानमोठे झाले तर काय बिघडते, असे हवालदारसाहेबांनी विचारले. तेलाचा थर पातळ राहिला तर औषध वेळेआधीच सुटते. म्हणून सगळे सारखे लागतात. सकाळी ते होतात. गेले पाच महिने दुपारी तीननंतर एकही धड होत नाही. दोन थेंब एकमेकांत शिरतात, नाहीतर नुसते तेल वाहते. माझ्या नाकी नऊ आले आहेत. सोमवारी आमचे साहेब म्हणाले, "शुक्रवारी दिवसभर सारखे थेंब दाखवा, नाहीतर टेबल मोकळं करा."

प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर एक बाई भरतकाम करतात. त्यांचे जुने यंत्र जेवणानंतर, तीनच्या सुमारास सुरू होते आणि माझे टेबल थरथरते. आधी कधी तक्रार केली होती का, असे विचारले. नाही. मनातल्या मनात रोज भांडत होते.

आज ३.०५ ला यंत्र सुरू झाले आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेंब फुटू लागले. माझे डोके फिरले. जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन मी बाईंच्या विजेचा खटका पाडला. परत येऊन पाहिले. टेबल हलत नव्हते. थेंब तसेच फुटत होते. पंधराएक मिनिटे मी बघत बसले.

चिपमधल्या नळीच्या शेवटच्या भागाला पाणी धरावे, तेल धरू नये, यासाठी एक प्रक्रिया करावी लागते. तिचा परिणाम काही तासांत उतरतो. हे नव्या लोकांना मीच शिकवते. तरी वेळ वाचावा म्हणून गेले पाच महिने दिवसभराच्या चिप मी सकाळी नऊलाच एकदम तयार करून ठेवत होते. तीनपर्यंत तो परिणाम उतरून नळीला तेल धरू लागे आणि थेंब फुटत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा माझा कारभार. स्वतःचीच भयंकर चीड आली.

३.२३ ला जाऊन मी खटका वर केला. वर हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार होते? तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. वीज गेली असे समजून, यंत्राचे बटण चालूच ठेवून, बाई बंद यंत्रात हात घालून अडकलेला धागा सोडवत होत्या. वीज येताच यंत्र सुरू होऊन सुई त्यांच्या उजव्या तर्जनीतून आरपार गेली होती.

दवाखान्यात मीच नेले. रिक्षात त्या एवढेच म्हणाल्या, "अहो ताई, एकदा वर येऊन सांगायचंत. मीच बंद ठेवलं असतं." बोट पुन्हा वाकेल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "यंत्राच्या हादऱ्यांमुळे थेंब बिघडत होते" असे वाक्य आले होते. हवालदारसाहेब म्हणाले, "राहू द्या बाई, तुमच्याच फायद्याचं आहे." ते मी खोडायला लावले, त्या जागी "माझ्या चुकीमुळे" असे लिहून घेतले, आणि मगच खाली सही केली आहे.