नजरबादचा इंडेक्स

— नको, बोलू नकोस, सुम्ने, गप उभा राहा. बोललास की छाती फुगते, आणि फुगल्या छातीच्या मापाचा कोट घंटा वाजवताना अंगावर लोंबतो — टीव्हीवर सगळे बघणार, अल्वा, हो ना? आपल्या गावाबाहेरच्या हूटगळ्ळीची कंपनी मुंबईच्या शेअर बाजारात लिस्ट होते, नागोजीरावांचा शरत तिथं घंटा वाजवतो, आणि निवृत्ती शिंप्याचा कोट लोंबतोय. चालेल? नाही चालणार. हात वर कर, दोन्ही. पिशवी ठेव खाली, पळून नाही जात ती.

दारात तू दिसलास आणि टेप आपसूक हातात आली, विचारलंसुद्धा नाही मी — विचारायचं काय? तुझ्या अप्पांना कधी विचारलं होतं? इथंच नजरबादच्या गल्लीत, वर माडीवर त्यांचं शेअरचं ऑफिस, खाली माझी मशीन. शहाऐंशी साली — तू कुठं होतास तेव्हा? नव्हतासच — पेपर घेऊन खाली आले, म्हणाले, निवृत्ती, बाजारानं तीस कंपन्यांची यादी केलीय, सेन्सेक्स म्हणतात, अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल म्हणजे शंभर धरायचे आणि तिथनं चढउतार मोजायचा. मी म्हटलं, एवढंच? मग मी पण करतो. केली की. मापाच्या वहीत माझी पक्की तीस गिऱ्हाइकं, पहिलं नाव तुझ्या अप्पांचं, नागोजीराव. त्या वर्षी शंभर कोट शिवले, ते माझे शंभर. एक नाव गेलं की पाडव्याला वहीची पूजा करून दुसरं चढवायचं. अप्पा हसायचे, म्हणायचे, तुझा इंडेक्स बाजारापेक्षा सरळ. — हलू नकोस. खांदा साडेअठरा. त्यांचा अठरा होता. लिस्टिंगच्या आधीच अर्धा इंच चढलास. आणि श्वास सोड, पोट आत घेऊन कुणाला फसवतोस, शिंप्याला?

माझा आकडा आता किती, ते डोळ्यांनी विचारतोयस, कळलं. गेल्या वर्षी कोट तीन, म्हणून आकडा तीन. अय्यो, असा चेहरा करू नकोस — बाजारातल्या पहिल्या तिसांपैकी तरी किती राहिल्या? बोटांवर मोजण्याएवढ्या. नावं जातात, यादी राहते, हे अप्पाच म्हणायचे. फक्त बाजाराच्या यादीला नवी नावं मिळतात रे, माझ्याकडं चढवायला कोणी नाही. आमचा रक्षित, पोटचा पोरगा, बंगळूरुत तयार कपडे घालतो आणि मला सांगतो, दुकान मोबाइलवाल्याला द्या. त्याची आई शांता पण म्हणते, देऊन टाका, डोळे तरी वाचतील. काल तुझा फोन आला, तसं मी दोघांना सांगितलं — शरतचा कोट शिवला तर हे वर्ष दुकान चालणार, नाहीतर शुक्रवारी किल्ली देतो. सकाळीच तुझं नाव चढवलंय वहीत, अप्पांच्या जागी, पहिलं. पाडव्याची वाटसुद्धा बघितली नाही — हे तुला सांगायचं नव्हतं, तोंडातनं गेलं.

झालं. बोल आता. कापड कुठलं, निळं घ्यायचं? — बोल की. — काय? पिशवीत काय आहे?

थांब, मीच उघडतो.

हं. कोट. तयार आहे. — कंपनीनं सगळ्यांना एकसारखे दिले, म्हणतोस. — आयतु, ठीक आहे, तू काय करणार त्याला. बाही लांब होते, एवढंच ना? केव्हाचं तेच सांगत असशील, मी बोलू दिलं असतं तर. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. कापड मात्र चांगलं आहे. शिलाई — जाऊ दे. बाही दोन बोटं आत घेतो, आणि कॉलरच्या आत माझं लेबल टाकतो. कुणाला दिसणार नाही. घंटा वाजवताना मानेला टोचलं तर टोचू दे. गुरुवारी ये. शुक्रवारी नको, शुक्रवारपासून इथं मोबाइल मिळतील.

आणि हात खाली कर की रे आता. मापं झाली.