समई डावीकडेच होती

आम्ही ठाकुर्लीजवळच्या गावातले गुरव. गावदेवीची पूजा आमच्या घरात, कौल लावायचं कामही आमचंच. कौल म्हणजे काय, तर देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, विचारायचं ते विचारायचं आणि हात जोडून बसायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबांच्या हाताखाली मीही लावायचो, पण मी पॉवर हाऊसात फिटर होतो ना, तिथला फोरमन सारखा म्हणायचा, अरे आधी बघ, मग बोल. तर मी बघायला लागलो. आणि काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे डावीच जास्त पडायची, कारण समई डावीकडे, तिच्या धगीने त्या अंगाची कळी आधी सुकायची. एकटा असताना समई उजवीकडे ठेवून पाहिली, उजवी पडली. पुन्हा पाहिलं, पुन्हा उजवी. भीती नाही वाटली, खरं सांगतो, गंमत वाटली. बाबांना मात्र बोललो नाही.

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल. माझी मोठी बहीण आक्का गावातच दिलेली, तिची शकू तापाने फणफणलेली. मी म्हटलं, आक्का, कल्याणला डॉक्टरकडे ने. तर म्हणते, आधी देवीला विचार, तू फिटर झालास म्हणून देवी काय रिटायर झाली? मग मीच कळ्या लावल्या. तिने डोळे मिटले आणि मी समई उजवीकडे सरकवली. उजवी पडली, पोर कल्याणला गेली, बरी झाली. समई मी परत डावीकडे ठेवली, तिची जागाच ती. आणि आक्का गावभर सांगत सुटली, देवीने माझी शकू वाचवली.

पाच-सहा वर्षांनी दाजींच्या, आक्काच्या नवऱ्याच्या, पोटात कळा यायला लागल्या. शेजारी म्हणाले, कल्याण गाठा. आक्का म्हणाली, विचारल्याशिवाय नाही, मला एकदा प्रचिती आलीय. मी ड्यूटीवर गेलेलो, कौल बाबांनी लावला. डावी पडली. तीन दिवस आक्का काढे देत बसली, चौथ्या दिवशी दाजी गेले.

तुम्ही म्हणाल, समई तर आधीपासून डावीकडेच होती, तुझा काय दोष? होती. पण प्रचिती मी दिलेली, खोटी. आणि खरं माहीत असून गप्प बसलेलो, तेही मीच.

बाबा गेले, पूजा माझ्याकडे आली, तरी तोंड उघडेना. गेल्या महिन्यात आक्का समईत तेल घालत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देईल, रडेल. तिने तेलाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, किती सरकवलेलीस रे? मी म्हटलं, हातभर. तिने समई उचलली, देवीच्या अगदी समोर मधोमध ठेवली, म्हणाली, लाव कळ्या. काय विचारायचंय, म्हटलं. ते माझं मी विचारते, तू लाव.

खूप वेळ एकही पडेना. मग उजवी पडली. आक्का उठली, घरी गेली. पुढच्या सोमवारी तेल घेऊन आली, सोबत माझ्यासाठी तांदळाच्या दोन भाकऱ्या. काय विचारलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. समई आता मधेच असते.

उजवी पडली त्या दिवशी दारातून वारा येत होता का, मला ठाऊक नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी बघितलं नाही.