परत सांगा, साहेब

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे परीक्षक साहेब, सिग्नलच्या वर्गाचे शिक्षक, आज नेमणुकीची पत्रं घेऊन निघालेली पोरं-पोरी, त्यांचे आईबाप, आणि दाराशी उभं राहून चहाकडे डोळे लावलेली मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

पालकांतर्फे कोणीतरी दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मला पुढे ढकललं. माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं ओळखते, पण ती जुळवेपर्यंत गाडी निघून जाते. म्हणून कागद आणलेला नाही. लांबलं तर अध्यक्षांनी घंटी वाजवावी.

तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलीय ती माझी नात. घरात तिला घुमी म्हणतात. हुशार आहे, पण बोलायचं म्हटलं की अंगावर काटा. दोनदा नापास झाली ती कशात? गाडीचा रूळ बदलण्यात नाही, फोनवर बोलण्यात. परीक्षेत हे साहेब ड्रायव्हर होऊन फोन करायचे आणि हिची दातखीळ बसायची. तिसऱ्यांदा नापास म्हणजे कायमचं घरी, असा इथला नियम.

मग तिने सरावाला कॉम्प्युटरवर एक खेळ आणला. पडद्यावर रुळांच्या रेघा, त्यांवर सरकणाऱ्या गाड्या, आणि सिग्नल द्यायचे आपण. मध्येच फोन वाजतो. ड्रायव्हर विचारतो, लाल सिग्नलला उभा आहे, काय करू? फाटकावरचा ट्रॅक्टरवाला विचारतो, रूळ ओलांडून पलीकडे जाऊ का? आमची घुमी नुसता वाजू द्यायची. मी शेजारी भाजी निवडत होते.

"अगं उचल की. माणूस ताटकळलाय."

"आजी, तो खरा नाहीये."

"खरा नाही, तर घाबरतेस कशाला?"

म्हटलं, सरक, मी बोलते. पण त्यांचं बोलणं पडद्यावर लिहून येतं, आणि ते वाचायला मला संध्याकाळ झाली असती. तेव्हा तिने मोठ्याने वाचायचं, मी उत्तर द्यायचं, बटण तिने दाबायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी मी ट्रॅक्टरवाल्याला "जा बाबा" म्हणून सोडलं आणि पलीकडे पोचलास की फोन कर, हे सांगायचं विसरले. तो रुळांवरून हटला की नाही कळेना, सात गाड्या खोळंबल्या. नात पोट धरून हसली. चला, तोंड तर उघडलं.

पण एक गोष्ट मला येत होती. ज्याला लिहून ठेवता येत नाही, तो काय करतो? समोरच्याकडून वदवून घेतो. दूधवाला असो, दवाखान्यातली नर्स असो, नाहीतर जावई, "काय ठरलं ते परत सांगा" म्हटल्याशिवाय मी कोणाला सोडत नाही. जावई अजून कुरकुरतो.

घुमी म्हणाली, "आजी, आमचाही हाच नियम आहे. पण मोठ्या माणसाला परत बोला असं कसं म्हणायचं? लाज वाटते."

"वाटू दे. गाडी भलत्या सिग्नलवरून गेली, तर लाजायला कोण उरणार?"

दोन महिने रोज तेच. ती ड्रायव्हर, मी सिग्नलवाली. मग उलट.

परीक्षेला साहेबांचा फोन आला, चौदा नंबरच्या सिग्नलला उभा आहे. हिने सांगितलं, चौदा ओलांडून सावकाश पुढे या, परत सांगा. साहेब म्हणाले, "सोळा ओलांडून सावकाश येतो."

"चुकलं, साहेब. चौदा. परत सांगा."

साहेबांनी निमूट परत सांगितलं आणि पोरगी पास झाली. तो मुद्दाम लावलेला सापळा होता, असं वर्गात सगळे मानतात. मघाशी साहेब मला हळूच म्हणाले, "आजी, जीभच घसरली होती माझी." साहेब, हे इथे सांगायचं नव्हतं का? कागद आणला असता तर गाळता आलं असतं.

घुमी उद्या निघतेय. घर खायला उठेल वगैरे मी म्हणणार नाही. कॉम्प्युटर माझ्याकडेच राहतोय आणि फाटकावर ट्रॅक्टरवाला उभा आहे. फक्त, घुमे, उभी राहा. पोचल्यावर आधी आजीला फोन करायचा, मग सामान सोडायचं. परत सांग.

काय म्हणाली? "आधी आजीला फोन, मग सामान." बरोबर. आणि पंख्यांच्या आवाजातही शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मागच्या वर्षी हिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नव्हता.

शिक्षकांचे, साहेबांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात कोणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. ते तेवढं परत सांगायला लावू नका, चहा निवतोय.