दिसायचंय की पळायचंय?

...नाही हो, मूर्खपणा माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही! केस रंगवायला लागलेली बाई मी, गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळते, इथवर एकवेळ ठीक. पण त्या गेममध्ये जेवढी म्हणून सेटिंगं होती ना, ती सगळीच्या सगळी मी 'अल्ट्रा'वर नेऊन ठेवली! सावल्या अल्ट्रा, पाणी अल्ट्रा, झाडाचं पान न् पान अल्ट्रा! का म्हणून काय विचारता? दिसत होतं तसं! रस्त्याकडेच्या डबक्यात ढग दिसायचे, ढग! घरातला आरसा पुसायला मला सवड नाही, पण डबक्यात ढग पाहिजेत!

आणि गाडी? एवढं सगळं रंगवताना कॉम्प्युटर दमायचा, आणि गाडीला उचकी लागलेली! आत्ता इथे, मग एकदम तिथे, मधलं सगळं गायब!

आता एकटीच खेळत असते तर कोण विचारतंय? पण आमची जोडी आहे ना! मी आणि माझी धाकटी नणंद. ती पोटासाठी बस चालवते, खरीखुरी बस, आणि रविवारी विरंगुळा म्हणून काय करते? तर पुन्हा गाडीच चालवते! ती तिच्या घरून, मी माझ्या घरून, कानाला हेडफोन. दोघींची वेळ मिळून जोडीचा निकाल. आणि माझ्या कृपेने आम्ही कायम तळाला! शेवटी ती म्हणाली, आवाज कसा, तर पुढचा स्टॉप सांगतेय असा, "वहिनी, या रविवारी गाडी अडखळली तर मी डेपोतल्या मेकॅनिकला जोडीला घेणार. तू एकदा ठरव. दिसायचंय की पळायचंय?"

माझ्या जागी मेकॅनिक! ऐकलंत? सख्ख्या भावाच्या बायकोला डावलून!

मग काय, लागले हात धुऊन सेटिंगांच्या मागे. तर सापडलं एक सेटिंग, अपस्केलिंग! म्हणजे काय माहितेय का? कॉम्प्युटर चित्र काढतो छोटंसं, म्हणजे दमत नाही, आणि मग ते ताणून पडद्याएवढं करतो, आणि मधलं जे गाळलंय ते अंदाजाने भरतो! मी म्हटलं, अय्या, हे तर मीच करते की! भिंतीपलीकडून शेजारणीचं अर्धंमुर्धं भांडण ऐकायचं, उरलेलं मनाने भरायचं, आणि बहिणीला फोनवर अख्खं सांगायचं! 'क्वालिटी' म्हणजे बरंचसं ऐकलेलं. 'बॅलन्स्ड' म्हणजे निम्मंशिम्मं. आणि 'परफॉर्मन्स' म्हणजे नुसतं दार आपटलेलं ऐकलं, आणि आपण पोचलो थेट घटस्फोटापर्यंत!

लावलं परफॉर्मन्स. आई गं! पळाली की हो! कशी? तर लोण्यातून सुरी! पण कुंपणाच्या तारा वळवळायला लागल्या, पाट्यांवरची अक्षरं भिजल्यासारखी, आणि गाडीच्या मागे गाडीचंच भूत! आता? दिसायचंय की पळायचंय?

मारली नवऱ्याला हाक. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याला घरात काहीही दाखवा, तो मनाने लगेच दुकानात! "हं. हे स्पष्ट... की हे? पहिलं... की दुसरं?"

"अरे, कुंपण बघ ना, कुंपण!" माझं नाक पडद्याला टेकलेलं.

"खेळताना इथे बसतेस?"

"नाही, खुर्चीत."

"मग खुर्चीत बस आणि तिथून सांग."

बसले. आणि तुम्हाला सांगते, बॅलन्स्डवर कुंपण सरळ! तारा गप्प! भूत गेलं! सावल्या जरा खाली आणल्या, पाणी साधं केलं... डबक्यातले ढग गेले. जाऊ देत. रडले नाही मी. म्हणजे, फार नाही. आणि मग कोपऱ्यात तो आकडा लावला, सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, पडद्यावर पडतात तो; कॉम्प्युटरला काम कमी, तेवढा आकडा मोठा. आधी कसाबसा तिशीत रखडायचा, आता ऐंशी! म्हटलं, दिसायचंही आणि पळायचंही! ये म्हणावं मेकॅनिकला!

रविवार. सुटलो! मी कोण होते सांगू? पहिली! मी! मागे सगळी पोरंटोरं धूळ खातायत, गाडी अशी वाहतेय, आणि कोपऱ्यातला आकडा चढतोय, चढतोय... माझी नजर काही हलेना हो तिथून!

"वहिनी, वळण."

"अगं, नव्वद झाले!"

"वहिनी, डावीकडे."

"पंच्याण्णव गं, पंच्याण्णव!"

धप्प!

खड्ड्यात. नाक खाली, चाकं वर, समोर नुसता चिखल. वरून एकेक जण सुंई, सुंई निघून गेला. मेकॅनिकची जागा पक्की झाली, हे मला तिथे उलटं लटकल्या लटकल्याच कळलं. पण आकडा! काय सांगू तुम्हाला, आकडा बघून मला राहवेचना. मी ओरडलेच,

"अगं, एकशे चाळीस!"

हेडफोनमधून नणंदबाई म्हणाल्या, "असणारच, वहिनी. गाडी उभी आहे."